काउंटेस ‘स्वतः’ आणि काउंटेस ‘पुंयोगे’

विचारलंय असं: एका अनुवादात एडविना माउंटबॅटन ‘काउंटेस’ आहे आणि तिची थोरली मुलगी पॅट्रिशियाही ‘काउंटेस’. अनुवादकाने दोघींना ‘सरदारपत्नी’ करून टाकलंय. चालेल का? नसेल चालत, तर ‘सरदारीण’ म्हणावं का?

पॅट्रिशियापुरतं साफ चूक. माउंटबॅटन 1947 मध्ये अर्ल (ब्रिटिश सरदारांतली एक पदवी) झाला, म्हणून त्याची बायको काउंटेस झाली. (अर्लला इंग्रजीत स्वतःचं स्त्रीलिंगच नाही, म्हणून फ्रेंचांकडचं उसनं.) त्याला दोन मुलीच. मुलगा नसल्यास पदवी मुलीकडे जावी, अशी सोय आधीच करून ठेवली होती. 1979 मध्ये त्याची हत्या झाली आणि पॅट्रिशिया काउंटेस झाली, ती बापाची वारस म्हणून. नवऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही. तो लॉर्ड ब्रेबॉर्न होता, तोच राहिला. हो, आपल्या चर्चगेटच्या स्टेडियमवर नाव आहे तेच ब्रेबॉर्न. त्याचे वडील 1933 ते 1937 मुंबईचे गव्हर्नर होते. आता हिला ‘सरदारपत्नी’ म्हणायचं, तर कुठल्या सरदाराची?

इंग्रजी-मराठी कोश उघडावा तर ‘डचेस’पुढे ‘ड्यूकची पत्नी’ एवढं लिहून मंडळी मोकळी. बाराव्या शतकातली ॲक्विटेनची एलेनोर या व्याख्येत कशी बसवणार? 1137 मध्ये बाप वारला आणि तो अवाढव्य मुलूख तिच्याकडे आला. फ्रान्सचा सातवा लुई तिच्याशी लग्न करून तिथला ड्यूक झाला. 1152 च्या मार्चमध्ये ते लग्न रद्द झालं, आठ आठवड्यांत तिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केलं, की ड्यूक हेन्री! ड्यूक बदलले, डचेस तीच. इथे ‘ड्यूक म्हणजे डचेसचा नवरा’ अशी व्याख्या करावी लागेल.

युरोपातल्या कायद्याच्या लॅटिनमध्ये अशा स्त्रीच्या हक्काला ‘सुओ जुरे’ म्हणतात. आपल्या हक्काने. यातला ‘सुओ’ आपल्याकडे रोज छापून येतो, ‘न्यायालयाने सुओ मोटो दखल घेतली’ या थाटात. मोटो नव्हे हो, मोटू! मोटो वाचलं की न्यायमूर्ती विहिरीवर मोट हाकताहेत असं वाटतं. असो. हा ‘सुओ’ म्हणजे आपल्या ‘स्व’चा सख्खा भाऊ. आणि ‘जुरे’ ज्या ‘यूस’ शब्दाचं रूप आहे, तो वेदातल्या ‘योस्’चा नातलग. ‘तच्छंयोरावृणीमहे’ म्हणताना ‘शं’च्या पुढे जो ‘योः’ येतो, तोच हा. लॅटिनने त्याचा कायदा केला, आपण कल्याणावर थांबलो.

पण मला खरा आनंद होतो तो अमरकोशात. तिथे स्त्रियांच्या नावांत ‘आचार्यापि च स्वतः’ असं आहे आणि लगेच पुढे ‘आचार्यानी तु पुंयोगे’. जी स्वतः शिकवते ती आचार्या. आचार्याशी लग्न झाल्यामुळे जी, ती आचार्यानी. (इथे ‘ण’ का नाही हा निराळा वाद आहे, तो आज नको.) ‘पुंयोग’ म्हणजे पुरुषाशी संबंध आल्यामुळे लागलेलं नाव. पाणिनीचं त्यावर सूत्रच आहे, आणि त्याचं नेहमीचं उदाहरण गोपी, म्हणजे गोपाची बायको. आता ‘सुओ जुरे’ला ‘स्वाधिकारसिद्धा’ वगैरे घडवत बसलेल्या पंडितांना माझं एवढंच विचारणं आहे, की अमरसिंहाने दोन अक्षरांत दिलेला ‘स्वतः’ तुम्हाला का पुरत नाही? पॅट्रिशिया स्वतः काउंटेस, एडविना पुंयोगे काउंटेस. मिटलं.

राहिली ‘सरदारीण’. मराठीचा हा ‘-ीण’ फार लबाड. पाटलीण, देशमुखीण, सुतारीण या त्या त्या नवऱ्यांच्या बायका. त्यांना वतन किंवा रंधा हाती धरावा लागत नाही. मास्तरीण मात्र दोन्ही. मास्तरांची बायकोही मास्तरीण आणि वर्गात छडी घेऊन उभी असते तीही मास्तरीणच. डॉक्टरीणबाईंचं तेच. माझा तर्क असा, की त्या कामात बायका खरोखर शिरल्या की ‘-ीण’ पुंयोगाकडून स्वतःकडे सरकायला लागतो. पण ते सरकणं पुरं व्हायच्या आत आपण कंटाळून तिला सरळ पुल्लिंगी पद देतो. गावात बाई निवडून आली तर ती सरपंच, सरपंचीण नव्हे. तहसीलदार मॅडम म्हणतात, तहसीलदारीण म्हटलं तर साहेबांच्या घरी कोण आहे ते विचारल्यासारखं होईल. एका स्नेह्यांना हा तर्क मान्य नाही. ते म्हणतात ही इंग्रजीची छाया. मग इंग्लंडची दुसरी एलिझाबेथ लँकेस्टरमध्ये ‘ड्यूक’ का होती? तिथे तिच्या नावाने पेला उंचावताना ‘द क्वीन, ड्यूक ऑफ लँकेस्टर’ असंच म्हणत. ही कोणाची छाया? सरपंचबाईंची?

आणि अठराव्या शतकातली ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. तिला सगळे ‘सम्राज्ञी’ म्हणतात, पण ती नेमकी तेवढीच पुंयोगे होती! हंगेरी, बोहेमिया, ऑस्ट्रिया हे सगळं वडिलांकडून आलेलं, स्वतःचं. पवित्र रोमन साम्राज्याचं सिंहासन मात्र बाईला मिळत नसे. 1745 मध्ये फ्रँकफर्टला नवऱ्याला सम्राट म्हणून मुकुट चढला, आणि बाईसाहेबांनी त्याच्या शेजारी स्वतःला अभिषेक करून घ्यायला चक्क नकार दिला. तिच्या चांदीच्या थालरवर (‘डॉलर’ हा शब्द ‘थालर’वरूनच आला, ते सर्वांना ठाऊक आहे, पुढे चला) एका बाजूला ‘इंप.’ म्हणजे सम्राज्ञी, नवऱ्यामुळे. त्याच ओळीत ‘हु. बो. रेग.’, म्हणजे हंगेरी-बोहेमियाची राणी, स्वतः. नाणं उलटलं की ‘डुक्स बुर्ग.’, बर्गंडीची ड्यूक. ‘डुकिस्सा’ हा स्त्रीलिंगी शब्द लॅटिनात होता, तरी कोरलाय ‘डुक्स’च, तोही आखूड न करता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना इथिओपियाच्या बाजूला चालणारं नाणं हवं होतं, तेव्हा 1940-41 मध्ये हेच थालर मुंबईच्या टांकसाळीतही पाडले, वर साल मात्र जुनंच, 1780. जुन्या नाण्यांच्या दुकानात कधी हाताला लागला तर पाठची बाजू बघा.