घाण्यातून थेट पावात

प्रश्न : ताई, मुंबईच्या खाऊगाड्यांवरचं तुमचं सदर आमच्या घरात सगळे वाचतात. मी तीस वर्षं बटाटेवडे करतेय, तरी मुलं म्हणतात, ‘आई, स्टेशनबाहेरच्यासारखा लागत नाही.’ माझं काय चुकतं? (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : ताई, मसाला तुमचाच सरस असणार. घोळ आहे तो वेळेचा. मागच्या पावसाळ्यात परळच्या एका गाडीशी मी सलग चार संध्याकाळी उभी होते. घाणा निघाला की झाऱ्यावर तेल निथळायचं आणि वडा परातीला टेकतो न टेकतो तोच पावात जायचा. पाव आधीच चिरलेला, आत सुकी चटणी भुरभुरलेली. कागदात गुंडाळला की गिऱ्हाईकाच्या हातात. घरी आपण वीस वडे तळून डब्यात झाकतो आणि सगळे जमले की पानं मांडतो. तोवर वाफ कोंडून वरचं आवरण मऊ पडलेलं असतं.

मुळात ज्यांना बसून खायला सवड नव्हती त्यांचं हे खाणं. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. पाळी गाठायला निघालेला गिरणी कामगार तो चालता चालता खायचा. तेव्हा मुलांनाच ओट्याशी बोलवा आणि कढईतून निघेल तसा एकेकाच्या हातात द्या.

बाकी बारकावे सांगते. बटाटे उकडून पूर्ण गार होऊ द्या आणि हाताने कुस्करा. किसले तर लगदा होतो, आणि सारण ओलं राहिलं तर वडा तेलात फुटतो. गाडीवरच्या कढईत तेल मुबलक, त्यामुळे दहा वडे सोडले तरी ते फारसं निवत नाही. आपल्या कढईत एका वेळी तीनच सोडा. पाव त्याच दिवशीच्या लादीतला घ्या; भाजू नका, लोणी लावू नका. आणि पिठाचे थेंब तळून जो चुरा होतो, तो कृपा करून टाकू नका. लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ आणि हा चुरा एकत्र भरड वाटा. गाडीवरच्या चटणीची खरी चव त्या चुऱ्यात आहे.

प्रश्न : बाहेर इतकं खाऊन पोट बिघडत नाही का? (विद्यार्थी, सांगली)

उत्तर : एकदा बिघडलं. ऐन एप्रिलात दुपारी एका गाडीवरची ओली हिरवी चटणी खाल्ली आणि दोन दिवस अंथरुणात काढले. तेव्हापासून उन्हाळ्यात ओली चटणी बंद, सुकीच घेते. तेल काळं दिसलं की पुढे जाते. आणि समोर तळलेलंच खाते.

प्रश्न : मी निवृत्त गिरणी कामगार, वय ७४. तरुणपणी लालबागला खानावळीत जेवायचो, मग संसार झाला. गेल्या वर्षी पत्नी गेली. आता एकट्यासाठी चूल पेटवाविशी वाटत नाही. काय करून खाऊ? (लालबाग)

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गावाकडून एकट्या आलेल्या तुमच्यासारख्या हजारोंना गिरणगावच्या खानावळवाल्या बायांनी जेवू घातलं. त्यांना सावकाराच्या दारात न जाता बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बाया रोज कितीतरी जणांचा स्वयंपाक रेटायच्या. तुम्ही आज एकाच माणसाचं पिठलं करा.

अर्धी वाटी बेसन दीड वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. लहान लोखंडी कढईत मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची अशी फोडणी करा. मीठ घाला, पीठ ओता, ढवळत राहा. दाटलं की झाकण ठेवून दोन वाफा काढा. भाकरी थापायचा कंटाळा आला तर पोळी-भाजी केंद्रातून आणा. गरम भातावरही छान लागतं. पण ताटात काढून निवू देऊ नका, पिठलं बघता बघता घट्ट होतं. आणि कढईच्या बुडाशी खरपुडी धरली असेल, ती घासणीला जाऊ देऊ नका. उलथन्याने सोडवा आणि तिथेच ओट्याशी उभ्याने खा.