वाचकांचे प्रश्न : दिव्यावर आलेला भुंगेरा

प्रश्न : पहिल्या पावसानंतर आमच्या ओसरीच्या दिव्यावर तपकिरी भुंगेरे येतात. त्यातला एक कोणत्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. प्रजाती नवी निघाली, तर तिला आजीचं नाव देता येईल का?
– एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : नावाचं मागाहून पाहू, आधी नर मिळवा. पावसाच्या तोंडावर दिव्यावर येणारे तपकिरी भुंगेरे बहुधा हुमणीच्या (पिकांची मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीच्या) गोतावळ्यातले असतात. वरून ते इतके सारखे दिसतात, की फोटोवरून जाणकारही छातीठोक सांगणार नाही. खरा फरक नराच्या जननांगाच्या आकारात असतो.

एकावर भागत नाही, आठ-दहा जमवा. दोन-तीन डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बाकीच्यांना टाचणी लावा, ती उजव्या कडक पंखातून. मधोमध टोचली तर पंखांची शिवण फाकते. पाच मिलिमीटरहून लहान असेल तर टोचूच नका, कार्डाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला चिकटवा आणि टाचणी त्या तुकड्याला लावा.

वाळलेला नर गरम पाण्यात मऊ करून जननांग काढा आणि १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये (मऊ भाग विरघळवणाऱ्या तीव्र क्षारात) रात्रभर ठेवा. हातमोजे घाला, त्वचा भाजते. घाईने उकळू नका. भाग लुळे पडतात आणि ज्या आकारासाठी एवढा खटाटोप केला तोच बिघडतो. मग धुऊन ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत घालून त्याच टाचणीला अडकवा. वेगळं ठेवलंत की कुठलं कोणाचं ते कळत नाही.

लेबलवर नुसतं ‘नाशिक’ लिहिणं म्हणजे न लिहिल्यासारखंच. इगतपुरीचा पाऊस आणि मालेगावचा कोरडेपणा एकाच जिल्ह्यात आहेत! गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, दिव्यावर की शेणात, पकडणाऱ्याचं नाव, एवढं हवंच.

खरी मेहनत पुढे आहे. जुन्या प्रजातींचे मूळ नमुने अनेकदा लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांत असतात आणि वर्णनं चार ओळींची. ती न तपासता नाव दिलं आणि प्रजाती जुनीच निघाली, तर जुनं नाव टिकतं, आपलं बाद होतं.

आजीचं नाव चालेल. रोमन लिपीत शेवटी स्त्रीसाठी ‘ए-ई’ आणि पुरुषासाठी ‘आय’ लागतो. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण ते शोभत नाही. नाव जाहीर करणाऱ्या शोधनिबंधात वेगळेपणाची लक्षणं द्यावी लागतात. एकच नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, ठरवून तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही सांगावं लागतं. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे नवी प्रजाती अधिकृत संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करायचा असतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. राखीव वनात गोळा करणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.

प्रश्न : पेटीतल्या भुंगेऱ्यांखाली तपकिरी पूड साचते. डांबरगोळ्या आहेत, तरीही. – नाशिकरोड

उत्तर : आत केसाळ अळी आहे, आणि गंमत म्हणजे तीही एका भुंगेऱ्याचीच. डांबरगोळ्यांनी ती मरत नाही. पेटी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. आत दव धरून बुरशी येते.