दार सकाळी उघडावं म्हणून आदल्या रात्री

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात बायको आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन थंड देशात राहायला जाताय, गाडी उघड्यावरच लावावी लागणार आहे आणि सकाळी दारं गोठून बसतात असं ऐकलंय, तर काय करायचं. प्रश्न साधा आहे, पण वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाहीये. व्हिसा, विमा, सामानाचं वजन हे सगळं सरकारी पानांवर मिळेल, ते मी सांगत नाही. दाराचं सांगते.

दार थंडीने गोठत नाही, पाण्याने गोठतं. पारा उणे वीसला गेला तरी कोरडं दार उघडतं. दाराच्या कडेने जे रबर असतं, गॅरेजवाले ज्याला बीडिंग म्हणतात, ते चौकटीवर दाबून बसतं. तिथे पाण्याचा नुसता ओलावा राहिला आणि रात्री तापमान शून्याखाली गेलं की रबर आणि पत्रा एकमेकांना चिकटतात. म्हणून कडक थंडीच्या दिवसापेक्षा दुपारी बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठतं, त्या दिवसाला जपा. दुसरं म्हणजे, आपण हीटर लावून संध्याकाळी घरी येतो तेव्हा गाडीचं छप्पर गरम असतं. त्यावर पडलेला बर्फ वितळतो, ओघळून फटीत उतरतो आणि पहाटेपर्यंत घट्ट होतो. हे मला पहिल्या हिवाळ्यात कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा घर जवळ आलं की शेवटची काही मिनिटं हीटर बंद ठेवा. गाडी लावल्यावर सगळी दारं मिनिटभर उघडून आतली गरम, दमट हवा जाऊ द्या. बूट बाहेर झटकूनच आत बसा, नाहीतर पायपुसण्यांत मुरलेलं पाणी रात्रभर वाफ होऊन काचांना आतून बर्फ धरतं. हिवाळा सुरू व्हायच्या आधी रबर ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळवा आणि त्यावर सिलिकॉनचा पातळ हात फिरवा. स्प्रे असेल तर आधी फडक्यावर मारा, काचेवर उडू देऊ नका. ग्लिसरीनही चालतं. खनिज तेल किंवा ग्रीस मात्र लावू नका, त्याने हे रबर फुगतं आणि सैल पडतं. मधूनमधून पुन्हा लावा, गाडी धुतल्यावर तर नक्कीच. धुतल्यानंतर दारांच्या कडा कोरड्या केल्याशिवाय गाडी रात्रभर उभी करायचीच नाही. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली नाहीत ना तेही पाहा. फार भीती वाटत असेल तर दार आणि चौकटीच्या मध्ये प्लास्टिकची मोठी पिशवी धरून दार लावा. बर्फ पिशवीवर धरतो, रबरावर नाही.

यातलं काहीच मला माहीत नव्हतं तेव्हाची एक सकाळ आहे. मुलगी आपल्याकडे चौथीत होती. इथल्या शाळेने ठरवलं होतं की भाषा येत नाही म्हणून तिला एक इयत्ता खाली बसवायचं. त्यावर बोलायला आम्हाला आठ वाजता बोलावलं होतं. तिच्या गणिताच्या वह्या मी दोन रात्री जागून लावल्या होत्या. आदल्या संध्याकाळी गाडी धुऊन आणली होती, शाळेत जायचं म्हणून स्वच्छ असावी एवढाच विचार. सकाळी चारही दारं बंद. मी जोर लावून ओढलं आणि बाहेरचं हॅंडल हातात आलं. मग गरम पाणी ओतलं. ते खाली वाहून पुन्हा गोठलं. बर्फ वितळवायचा स्प्रे होता, पण गाडीच्या आतल्या खणात. आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोचलो तेव्हा कागदावर सही झालेली होती. मुलगी वर्षभर लहान मुलांबरोबर बसली. ती आता मोठी आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही म्हणते. मला वाटतं. वेळेवर गेले असते तर त्यांनी ऐकलंच असतं असं नाही, पण माझं म्हणणं तरी झालं असतं.

म्हणून गोठलंच तर ओढू नका. आधी अंगाने दार आत दाबा, कडेकडेने, तळहाताने ठोका. बर्फाचा पापुद्रा दाबाने फुटतो, ओढल्याने फक्त रबर फाटतं. बाकीची दारं आणि डिक्कीही करून पाहा, ज्या बाजूला ऊन किंवा आडोसा असेल ती बहुधा आधी सुटते. उकळतं पाणी कधीच नको, काच तडकू शकते. रिमोट चावीची बॅटरी थंडीत मान टाकते, तेव्हा तिच्यात लपवलेली साधी चावी कुठे आहे ते आजच शोधून ठेवा.

तुम्ही शेवटी एकटेपणाचंही विचारलंय. होतो, आणि कामाला लागलं की कमी होतो. त्यापेक्षा कागदांनी मला जास्त रडवलं. परवाना बदलून घ्यायला मी तीनदा गेले, कारण एका कागदावर मधलं नाव होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. दर वेळी नवी तारीख, आणि तोवर गाडी दारात उभी. तुमची नावं सगळीकडे एकसारखी आहेत का, ते निघण्याआधी बघा. मुलाची प्रगतिपुस्तकं भाषांतर करून, शिक्का मारून घ्या, फक्त शेवटच्या वर्षाची नाही, सगळी. आमच्याकडे एकाच वर्षाचं होतं.

शाळा पहिल्या भेटीला बोलावेल, तेव्हा आदल्या रात्री गाडी धुऊ नका. दारात पिशवी लावा. आणि स्प्रे कोटाच्या खिशात ठेवा.