मत्तयात पहारेकरी नाही, मग गीतात आला कुठून?

प्रश्न : जर्मन संगीतकार बाखचा 140 क्रमांकाचा कँटाटा (वाद्यांच्या साथीने गायली जाणारी चर्चची रचना) ऐकायला गेलो होतो. माहितीपत्रकात छापलं होतं, 'आधार : मत्तय 25, दहा कुमारींचा दाखला'. घरी येऊन बायबलातला तो अध्याय काढला, तर त्यात बुरुजावरचा पहारेकरी नाहीच. उलट मूर्ख कुमारी आणि बंद झालेलं दार आहे, ते गीतात कुठे दिसेना. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही. माहितीपत्रकाने अर्धंच सांगितलं. (बाखने 1731 साली ज्या रविवारसाठी हे रचलं, त्या दिवसाचं शुभवर्तमान मत्तय 25 होतं, म्हणून तेवढंच छापत असावेत.)

मत्तयातल्या दाखल्यात दहा कुमारी वराची वाट पाहत असतात. मध्यरात्री तो आल्याची हाक ऐकू येते, पण हाक देणारा कोण ते लिहिलेलं नाही. कँटाटा ज्या गीतावर रचला आहे, त्या 'वाखेट आउफ' ('जागे व्हा') या गीताचा कर्ता फिलिप निकोलाई. त्याने ही मोकळी जागा हेरली आणि तिथे जुन्या करारातल्या यशया 52:8 मधले पहारेकरी उभे केले. त्याच अध्यायाची सुरुवात सियोनेला, म्हणजे यरुशलेमेला, 'जागी हो' म्हणत होते. गीतात कुमारींच्या आधी यरुशलेम नगरी जागी होते, ती त्यामुळे. मला मात्र या पहारेकऱ्यात आणखी एक जण दिसतो. मध्ययुगीन जर्मन प्रेमगीतांत बुरुजावरचा राखणदार पहाटे प्रेमिकांना उठवतो, कारण उजाडायच्या आत प्रियकराला निघायचं असतं. इथे राखणदार तोच, पण वेळ मध्यरात्रीची आणि प्रियकर निघालेला नाही, येतो आहे! आपल्याकडे सीमांतपूजनाला वेशीवर जी लगबग असते, तशी ही लगबग.

दुसऱ्या कडव्यात सियोनेचा 'फ्रॉइंड' येतो. शब्दशः मित्र, पण लूथरच्या जर्मन बायबलात गीतरत्न या प्रेमकाव्यातली वधू आपल्या प्रियकराला हाच शब्द वापरते. गंमत म्हणजे गीतरत्न 5:7 मधले पहारेकरी त्या वधूला मारतात. निकोलाईचे गातात. त्याच ओळींत 'कृपा' आणि 'सत्य' आहे, ते योहान 1:14 मधलं.

आता दाराचं. मत्तयात दार बंद होतं. निकोलाईने ते उचललंच नाही, मूर्ख कुमारीही गाळल्या. तिसऱ्या कडव्यात त्याने मोत्यांच्या वेशी आणल्या, प्रकटीकरण 21:21 मधल्या स्वर्गीय नगरीच्या. चार ओवी पुढे वाचा, 21:25 : या वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत, आणि रात्र तर तिथे नाहीच. मला वाटतं, हे त्याने जाणूनबुजून केलं. 1597–98 मध्ये तो वेस्टफालियातल्या उन्ना गावात पाळक होता. प्लेगची साथ आली होती, माणसं पुरता पुरता दिवस जात होते आणि दफनभूमी त्याच्या घरातून दिसायची. तिथे लिहिलेल्या 'आनंदाचा आरसा' या पुस्तकात हे गीत 1599 साली छापलं गेलं. अशा गावाला 'दार लागलं, तुम्ही बाहेर' हे कोण ऐकवेल?

बाकीचं तिसरं कडवं भराभर लागतं. माणसांच्या आणि देवदूतांच्या जिभा 1 करिंथ 13:1 मधल्या, वीणा-झांजा स्तोत्र 150 मधल्या, 'डोळ्याने पाहिलं नाही, कानाने ऐकलं नाही' 1 करिंथ 2:9 मधलं. करिंथकरांना हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने तेही यशया 64:4 वरूनच घेतलं होतं.

आणि बायबलात न सापडणारी एक गोष्ट. तिन्ही कडव्यांच्या पहिल्या शब्दांची पहिली अक्षरं घ्या : वाखेट, त्सिओन, ग्लोरिया. उलटी वाचा, की 'ग्राफ त्सू वाल्डेक' (वाल्डेकचा काउंट, म्हणजे सरदार) या पदवीची आद्याक्षरं मिळतात. वाल्डेकचा तरुण काउंट विल्हेल्म एर्न्स्ट निकोलाईचा विद्यार्थी होता. तो 1598 साली वारला.