स्क्विड करताय? आधी डोळा करा

टांगायचं मॉडेल करायचंय म्हणालात; पहिलंच मॉडेल आणि तेही खऱ्या आकाराचं महाकाय स्क्विड (खोल समुद्रातलं अजस्र माकूलच म्हणा), हौस दांडगी आहे तुमची! फक्त संग्रहालयातला नमुना बघून रंग लावू नका. मेलेल्या स्क्विडची कातडी बरीचशी खरवडून गेलेली असते. २०१२ साली जपानच्या ओगासावारा बेटांजवळ जिवंत चित्रित झालेलं स्क्विड चंदेरी-सोनेरी झळाळत होतं. मी माझं लालभडक रंगवून बसलो होतो, मग आठवडाभर घासत बसलो.

डोळा सुमारे २५ सेंटिमीटरचा, बाहुली गोल. पारदर्शक अॅक्रिलिकची वाटी घ्या आणि आतल्या बाजूने रंगवा, तरच खोली येते. तो फसला तर बाकी सगळं वाया.

हात आठ, शिवाय भक्ष्य पकडायची दोन खूप लांब शुंडकं. त्यांवरच्या चूषकांना, म्हणजे चिकटणाऱ्या वाट्यांना, दातेरी कडी हवीत. फिरते आकडे लावू नका, ते अंटार्क्टिकाजवळच्या कोलोसल स्क्विड या वेगळ्या जातीचे.

अंग थर्माकोलचं करून त्यावर पॉलिएस्टर रेझिन थेट लावलंत तर थर्माकोल विरघळेल. एपॉक्सी रेझिन वापरा. कातडीचा पोत कळायला मासळीबाजारातून ताजं माकूल आणा. अभ्यास झाला की तव्यावर टाका. आणि हो, टांगायचे हूक सांगाड्यात आधीच बसवा.