दुधाच्या दाढेतील जंतुसंसर्ग आणि ‘ब्लीच’ची भीती

प्रश्न : माझ्या 5 वर्षांच्या मुलीच्या खालच्या दुसऱ्या दुधाच्या दाढेशी पुळी आली आहे. रूट कॅनल करताना आत सोडियम हायपोक्लोराइट वापरतात आणि ते ब्लीचच असते, असे समजले. शेवटी पडणाऱ्याच दाढेसाठी हे करावे का? नुसत्या अँटिबायोटिकने भागणार नाही का?

उत्तर : घरगुती ब्लीचमध्ये हेच रसायन असते, हे खरे आहे, मुलांच्या दातांसाठी मात्र ते बहुधा 1 ते 2.5 टक्के इतक्या सौम्य प्रमाणात घेतात. दुधाच्या दाढेच्या मुळांतील पोकळी फितीसारखी चपटी असून तिला आडव्या बारीक वाटा फुटलेल्या असतात. तेथे फाइल, म्हणजे मूळ आतून घासण्याची बारीक सुईसारखी कानस, पोहोचत नाही, आणि जोर लावून घासल्यास मुळाची पातळ भिंत फुटू शकते. त्यामुळे जंतू काढण्याचे बरेचसे काम धुण्यावरच अवलंबून असते. सलाईनने घाण वाहून जाते, क्लोरहेक्सिडिनने जंतू मरतात. पण मेलेला गर, म्हणजे दाताच्या आतला मऊ भाग, विरघळवण्याचे काम हायपोक्लोराइटच करते. क्लोरहेक्सिडिन आणि हायपोक्लोराइट एकमेकांत मिसळल्यास तपकिरी साका तयार होतो, म्हणून मध्ये सलाईनने धुणे आवश्यक ठरते.

धोका आहे तो द्रावण मुळाच्या टोकाबाहेर जाण्याचा, कारण दुधाच्या दाताची मुळे झिजत असतात आणि त्यांच्याखाली कायमच्या दाताचा अंकुर असतो. म्हणून एक्स-रेवरून मुळाची लांबी ठरवली आहे का, रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) लावणार का आणि बाजूला छिद्र असलेली सुई टोकाच्या अलीकडे, सैल ठेवून हलक्या दाबाने वापरणार का, हे आपण निःसंकोच विचारावे. मूळ फार झिजले असेल, तर दाढ काढून जागा राखणारे उपकरण बसवणे मला अधिक योग्य वाटते.

अन्यथा दाढ वाचवावी. ती साधारण 10 ते 12 व्या वर्षापर्यंत लागते; आताच काढून जागा मोकळी ठेवल्यास 6 व्या वर्षाच्या सुमारास येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि या दाढेखालच्या कायमच्या दाताची वाट अडते. मेलेल्या गरात रक्तपुरवठाच नसल्याने पोटात घेतलेले अँटिबायोटिक तेथे पोहोचत नाही; ते ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हाच द्यावे लागते.

धुतल्यानंतर भरायची पेस्ट मुळाबरोबर विरघळणारी असावी, उदाहरणार्थ आयोडोफॉर्म व कॅल्शियम हायड्रॉक्साइडची. त्यावर स्टीलची कॅप बसवून घ्यावी, आणि पुळी पुन्हा दिसल्यास पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता मुलीला दाखवावे.