खाजन पिकवायचे तर आधी मानस पाहा

प्रश्न : खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीतली शेती) पुन्हा उभी करायचा आराखडा सरकार करते आहे, असे कळले. आमचा बांध फुटून दोन वर्षे खारे पाणी आत येते. बांध दुरुस्त झाला की त्याच पावसात भात घेता येईल का? – एक वाचक, दिवाडी

उत्तर : नुसत्या बांधावर भात होत नाही. गोव्यातले सुमारे १८ हजार हेक्टर खाजन बांध, मानस (बांधातले झडपेचे दार) आणि पोंय (आतले पाणी साठवणारा खोलगट भाग) या तिघांच्या जोरावर टिकले. खिंडार मात्र आधी बुजवा. पाणी खेळत राहिले तर शेतात खारफुटी उगवते आणि कायद्यामुळे ती काढणे कठीण होते. भरावाला तिथलाच चिकट चिखल पेंढा घालून वापरा. डोंगरावरची तांबडी माती पाण्यात विरघळून जाते. बांधाबाहेरची खारफुटी राहू द्या, लाटांचा मार तीच झेलते.

मग मानस. भरतीच्या दाबाने त्याची झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. पुनवेच्या भरतीला आतल्या बाजूने उभे राहून पाहा. बोटभर फटीतून पाणी उसळत असेल, तर लाकूड किडले आहे किंवा फांदी अडकली आहे. ती फट सगळे शेत खारवते. मासळीसाठी भरतीच्या वेळी मानस उघडा ठेवणे हा तर शेतीवरचा उघड अन्याय. मासेमारीच्या लिलावाच्या करारात मानस उघडण्या-मिटण्याचा अधिकार शेतकऱ्यांकडेच राहील, असे कलम कूळसंघाने (जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेने) आग्रहाने घालावे.

पोंयेतला गाळ उन्हाळ्यातच उपसा. भरतीच्या वेळी मानस मिटलेला असताना पावसाचे पाणी तिथेच थांबते; पोंय बुजली तर ते शेतात तुंबते आणि रोपे कुजतात.

पहिल्या जोरदार पावसाचे पाणी वाफ्यात वीतभर अडवून एक-दोन दिवसांनी ओहोटीला सोडा. असे तीन-चार वेळा करा आणि माती तपासून घ्या. क्षारता ४ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या वर असेल, तर ज्योती किंवा जया हे भाताचे वाण लावू नका. खारे पाणी सोसणारा स्थानिक कोरगुट भात किंवा जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच निवडलेले गोवा धान १ व २ घ्या.

आराखड्याबद्दल आमचे स्पष्ट मत : १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कोमुनिदादीकडची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडची) बांधांची देखभाल कूळसंघांकडे आली, पण तेवढा पैसा आणि माणूसबळ त्यांच्याकडे आले नाही. म्हणून बांधाच्या खर्चाबरोबरच मानसाच्या दरवर्षीच्या दुरुस्तीची आणि मानस राखणाऱ्याच्या पगाराची तरतूद त्यात हवी. ग्रामसभेत हीच मागणी लेखी द्या.